चार गोळ्या, जिभेवर

गणपती गेले की आमच्या घरात शिंकांचा हंगाम.
स्वरांगी उठते ती मोजतच: सात, आठ, नऊ,
दहावी अडकते,
मग डोळे चोळत विचारते,
आज ग्राउंडवर जायचं का नाही?

पाथर्डी फाट्याच्या मागे रिकामे प्लॉट.
एकाचा मालक दुबईला, दोघे कोर्टात,
ताबा मात्र गाजरगवतानं घेतलेला.
पांढरी बारीक फुलं. लांबून पाहिलं तर
कुणाचा तरी साबुदाणा सांडलाय.

मी सातपूरला क्वालिटीत आहे.
दिवसभर पिना मोजतो, कड्या मोजतो,
पाच मायक्रॉन जास्त भरले की माल परत.
परागकण पंधरा-वीस मायक्रॉनचा, असं वाचलं.
म्हणजे माझ्या गेजवर तो सापडला असता,
रिजेक्टचा शिक्का मारून परत धाडला असता.

गायधनीबाईंचा दवाखाना रविवार कारंज्याच्या आतल्या बोळात.
बाई विचारतात भलतंच:
रात्री पांघरूण लाथाडते का?
रडली तर जवळ घेतलेलं आवडतं की नाही?
मीठ वरून घेते? विजेला भिते?
स्वरांगी खूश. इतकं कुणी विचारलंच नव्हतं तिला.
विजेला भिते, हे मला तिथंच कळलं.

पुडीवर नाव: अलियम सेपा, तीस.
"म्हणजे कांदा," बाई म्हणाल्या.
मला हसूच आलं. आम्ही मूळ विंचूरचे.
चाळीत कांदा, ओट्यावर कांदा,
लिलावात कांदा, आईच्या डोळ्यांत कांदा,
आणि औषध काढलं तर तेही कांद्याचंच!
फक्त हा शंभरात एक थेंब, त्यातला पुन्हा शंभरात एक,
असा तीसदा पातळ होत गेलेला.
बसमध्ये मी शून्यं मोजत आलो.
मुंबई नाक्यालाच बोटं संपली.
असला कांदा कुठल्या गेजवर लावायचा?

तरी देत राहिलो. सकाळच्या चार मी,
हात न लावता, झाकणातून थेट जिभेवर.
ती आ करून उभी,
आणि तेवढं मिनिट घरात कुणी बोलायचं नाही.
संध्याकाळच्या तिच्या तिनं घ्यायच्या.

कोजागिरीच्या अलीकडं एका रात्री
तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली.
साडेअकराला नूतननं बाईंना फोन लावला.
"शिट्टी? मग माझी बाटली शोधत बसू नका.
लहान मुलांच्या हॉस्पिटलात न्या. आत्ता. रिक्षा मिळेल ना?"
आम्ही जिना उतरेपर्यंत
त्यांनी फोन ठेवला नाही.

मास्क, वाफ, मशीनची घरघर.
डॉक्टर तरुण पोरगा, एका पायात उलटा मोजा.
"पंप रोज द्यायचा, सीझन संपेपर्यंत.
सवयबिवय लागत नाही, काका."
पहाटे शिट्टी थांबली.
मास्कच्या आतून आवाज आला:
"पायलटला असंच वाटतं का?"

दिवाळीची झाडलोट. तिच्या खिडकीखाली
मुंग्यांची रांग, ती थेट कंपासपेटीत.
पेटीत गोळ्या. गोळ्याच गोळ्या.
"संध्याकाळच्या मी यांना द्यायचे," ती म्हणाली,
"बघ ना, एक तरी शिंकते का?"
नूतन रागवायला निघाली होती,
मग फरशीवरच बसली, हसत, डोळे पुसत.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मुंग्यांना फी नाही.
मग म्हणाल्या, पंप चुकवू नका.

यंदा आखाडात, फुलं यायच्या आत,
मी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं
आणि गवत उपटायला घेतलं.
वॉचमन आला. "साहेब, प्लॉट तुमचा का?"
हो म्हटलं. दुबईवाल्याला काय कळतंय.
दोन रविवारांत तीन प्लॉट झाले.
चौथ्याला कुंपण आहे,
आणि वारा येतो गौळाण्याकडून.
तिकडं अजून एकरच्या एकर.